तिसरा टच

“एक… दोन… तीन… सोड!”

काष्टे सरांचा आवाज मैदानभर फिरून आला. कडेला चरणाऱ्या शेळीनेसुद्धा तोंडातला पाला तसाच ठेवून मान वर केली. पण राजेश्रीने चेंडू सोडला नाही. चौथा टच झाला, पाचवा झाला. अंगावर आलेली पोरगी डावीकडे झुकली आणि ही चेंडू घेऊन तिच्या उजव्या अंगाने निघून गेली, गर्दीतून मांजर निघून जावं तशी. पुढे एकटी गोलकीपर. सहाव्या टचला चेंडू गोलात.

टाळ्या वाजवायला दोन-तीन पोरींचे हात वर आले आणि सरांकडे बघून तसेच खाली गेले.

“ये इकडं,” सर म्हणाले.

राजेश्री आली. धापा टाकत होती, पण तोंडावरचं हसू तिला झाकता येत नव्हतं.

“गोल झाला की, सर.”

“गोल कुणी विचारला तुला? टच किती झाले?”

“सा.”

“नियम किती?”

“तीन.”

“मग बस रेघेवर.”

रेघेवर बसणं ही सरांची ठरलेली शिक्षा. मारणं नाही, शिवी नाही. मैदानाच्या बाहेरच्या रेघेवर मांडी घालून बसायचं, हॉकीची स्टिक आडवी मांडीवर ठेवायची आणि खेळ संपेपर्यंत दुसऱ्या पोरींचे टच मोठ्याने मोजायचे. जिचा चौथा झाला तिचं नाव घ्यायचं. त्या पावसाळ्यात राजेश्री खेळली थोडी आणि मोजत बसली जास्त. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. घरी भाकरी खातानाही तिची बोटं ताटाच्या कडेवर तेच वाजवायची.

बन्सीधर काष्टे सेलूच्या त्या शाळेत अठ्ठावीस वर्षं खेळाचे मास्तर होते. येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. पांढरा शर्ट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, संध्याकाळी पाच म्हणजे पाच. गावात त्यांना नावाने कमी आणि ‘सोड सर’ म्हणून जास्त ओळखत. भाजीवाली बायनाबाईसुद्धा, कोणी फार वेळ भाव करत बसलं की म्हणायची, “तीन टच झाले बाई, सोड आता.” सरांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना राग आला नव्हता. उलट बरंच वाटलं होतं.

हा नियम काही त्यांनी हौसेने केला नव्हता. ते नवीन लागले त्या वर्षीची गोष्ट. शाळेचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात पाय धरून ठेवणारं, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडून बसणारं. चेंडू म्हणून सरळ जायचा नाही. निवेदिता नावाची एक मुलगी चेंडू खेळवत निघाली, चेंडू ढेकळाला लागून उडाला आणि तिचे पुढचे दोन दात पाडून गेला. सरांनी ते दात मातीतून शोधले, रुमालात बांधले आणि पोरीला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं. दात काही बसले नाहीत. निवेदिताने पुन्हा स्टिक हातात धरली नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी नियम केला. या मातीवर जो चेंडूपाशी थांबला तो मेला. तीन टच, चौथा नाही. मैदानाचे त्यांनी उभे पाच पट्टे पाडले. पोरीने आपला पट्टा सोडायचा नाही, चेंडूने मात्र कुठल्याच पट्ट्यात मुक्काम करायचा नाही. आणि नियम फळाला आला. जिल्ह्याची माती सगळीकडे तीच. जिंतूरच्या, पाथरीच्या पोरी चेंडू खेळवत बसायच्या, ढेकळापाशी अडखळायच्या, तोवर काष्टे सरांच्या पोरी तीन पासांत गोलापाशी पोचलेल्या असायच्या. अकरा वर्षं जिल्ह्याची ढाल या शाळेने दुसरीकडे जाऊ दिली नाही. ऑफिसातल्या कपाटात ढाली मावेनात म्हणून दोन ढाली सरांच्या घरी, देवघराच्या वर ठेवलेल्या होत्या.

एका दुखण्यावर जे औषध लागू पडलं, ते मग सरांनी पाण्यासारखं सगळ्यांनाच पाजलं.

मैदानावर फक्की मारायचं काम सटवाजीकडे. सटवाजी शाळेचा शिपाई, सरांपेक्षा दोन वर्षांनी मोठा दिसणारा आणि चार वर्षांनी लहान असलेला. हातातल्या डब्यातून पांढरी भुकटी सोडत तो वाकून चालायचा आणि रेघ अशी मारायचा की दोरी लावून तपासावी. त्या दिवशी पोरी घरी गेल्यावर तो डबा खाली ठेवून म्हणाला,

“सर, येक इचारू का?”

“विचार.”

“ढाली लय झाल्या आपल्या. पन इतक्या सालात आपली येक तरी पोरगी जिल्ह्याच्या म्होरं गेली का हो?”

“संघ जिंकतो, सटवाजी. पोरगी जिंकत नसते.”

“ते बी खरंच हाय,” सटवाजी म्हणाला. “रेघा मीच मारतो ना, म्हनून आपलं इचारलं.”

सर थोडं चालून गेले आणि परत फिरले.

“ती राजेश्री असं खेळायला शिकली कुठं? मी तर शिकवलं नाही.”

“तुमाला म्हाईत न्हाई? जिनिंगात खेळती की ती. तिची माय हाय ना तिथं कामाला, कडूबाई.”

रविवारी सकाळी सर जिनिंगकडे गेले. पावसाळ्याचे दिवस, जिनिंग बंद. हंगामात जिथे कापसाच्या गाड्या रिकाम्या होतात, ती सिमेंटची लांबरुंद फरशी मोकळी पडलेली. वर पत्र्याचं छत. वर्षानुवर्षं कापूस आणि बायकांचे पाय घासून ती फरशी ताटासारखी गुळगुळीत झाली होती. राजेश्रीने त्यावर सरकीची रिकामी पोती गुंडाळून जागोजागी उभी केली होती आणि त्यांच्यामधून ती चेंडू नेत होती. चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा. आवाज तेवढा टक टक टक टक, एका लयीत, पितळी भांड्याला मठार दिल्यासारखा.

सर कडुनिंबाच्या बुंध्याआड उभे राहिले. त्यांनी मोजायला सुरुवात केली. सवयच ती. चौदापर्यंत मोजलं आणि मग मोजायचं राहून गेलं.

बघताना वाटलं तो आनंद होता का हेवा, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही. मग एका पोत्याला चेंडू लागून थोडा उडाला, आणि सरांना रुमालात बांधलेले दात आठवले. ते झाडाआडून पुढे आले.

“बंद कर हे.”

राजेश्री जागच्या जागी थिजली. कोपऱ्यात पत्र्याच्या शेडचा कचरा भरत बसलेली कडूबाई धावत आली. काटक बाई, कपाळावर कुंकू नाही. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती.

“काय झालं सर? कुनाचं काई फोडलं का हिनं?”

“काही फोडलं नाही. पण इथं खेळू देऊ नका तिला. हात बिघडतो.”

“इथं खेळती तर नजरंम्होरं तरी ऱ्हाती हो. रिकामीच तर हाय फरशी.”

“फरशीवरचा खेळ मातीवर चालत नाही, बाई. उद्या दात पडले म्हणजे कोण जबाबदार?”

दात म्हटल्यावर कडूबाई घाबरली. पोरीच्या जातीचं तोंड. तिने राजेश्रीच्या हातातून स्टिक घेतली.

“सर म्हनतेत ना? ऱ्हाऊ दे मग. सर काय वाईटाचं सांगतेत का तुला?”

राजेश्रीने पोती उचलून एकावर एक रचून ठेवली.

ऑक्टोबरात परभणीला जिल्ह्याचा अंतिम सामना झाला आणि बारावी ढाल आली. राजेश्री आपल्या पट्ट्यात, आपल्या तीन टचांत खेळली. एकदाच, फक्त एकदाच चेंडू तिच्यापाशी सुटून आला, समोर दोघी एकदम धावून आल्या आणि तिच्या हातातून जुनी सवय उसळून वर आली. दोघींच्या मधून ती निघाली. आणि निघाल्या निघाल्या, हात पोळल्यासारखा चेंडू तिने प्रियांकाकडे ढकलून दिला. प्रियांका म्हणजे उजव्या कडेच्या पट्ट्यातली पोरगी. राजेश्रीचा चेंडू कायम तिच्याकडे जायचा.

सामना संपल्यावर एक बाई सरांना भेटायला आल्या. सुनेत्रा मॅडम. केस आखूड कापलेले, एका गुडघ्याला पट्टा. विभागाच्या गावाला मुलींचं क्रीडा वसतिगृह होतं, त्याच्या निवडीचं काम त्यांच्याकडे होतं.

“सर, तुमची सात नंबरची मुलगी मधेच थांबली का?”

“थांबली नाही. सोडला तिनं. आमचा नियम आहे, तीन टचांचा.”

“कशासाठी?”

सरांनी माती सांगितली, ढेकळं सांगितली, दात सांगितले. मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“सर, तुम्ही टर्फ बघितलंय?”

“फोटोत. हिरवं, नकली गवताचं.”

“तिथं ढेकूळ नसतं हो. चेंडू जिथं ढकलाल तिथंच जातो. आणि मला पास देणाऱ्या पन्नास मिळतात, चेंडू घेऊन जाणारी मिळत नाही. जानेवारीत ट्रायल आहे, तिला आणा. तोवर तिला जरा मोकळं खेळू द्या. एवढंच करा.”

“हॉकी ती हॉकी, मॅडम. जमीन बदलली म्हणून खेळ बदलत नाही.”

“बदलतो, सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या आणि वहीत राजेश्रीचं नाव लिहून घेतलं.

कडूबाईला हे कळलं तेव्हा हंगाम सुरू झाला होता, तिच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले होते. तिने तीनदा विचारून खात्री करून घेतली.

“म्हंजे बारावीपातूर ऱ्हायाचं, खायाचं, शिकायचं, समदं तिथंच?”

“समदं तिथंच.”

“आन न्हाई घेतलं तर?”

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. कडूबाईच पुढे बोलली. “तर मंग न्हाई. तिचा मामा म्हनायलाय, नववी लय झाली, तुझ्यासंगं जिनिंगात लाव. म्या थोपवून धरलंय त्याला. तुमी तेवढं बगा, सर. तुमच्याच हातात हाय.”

ट्रायलला दोन महिने होते. म्हणजे साठ संध्याकाळी. सर रोज घरून निघताना ठरवत, आज राजेश्रीचं मोजायचं नाही. आणि पाच वाजता पोरी रांगेत उभ्या राहिल्या की वाटायचं, एकीला सोडलं तर बाकीच्या दहा कशाला ऐकतील? डिसेंबरात अजून एक स्पर्धा होती. निवृत्तीआधीची शेवटची. मग तोंडातून आपोआप निघायचं, एक, दोन, तीन. साठ संध्याकाळी अशाच गेल्या. डिसेंबरातली ढालही आली.

जानेवारीत एका पहाटे सर, राजेश्री आणि कडूबाई असे तिघे सेलूच्या स्टेशनवर गाडीत बसले. कडूबाईने खाडा केला होता. फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. राजेश्रीच्या पायात प्रियांकाचे बूट होते, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेले.

वसतिगृहाच्या टर्फवर पाय ठेवण्याआधी राजेश्री खाली बसली आणि तिने तळहात फिरवून पाहिला. कुंपणाच्या जाळीला नाक लावून कडूबाई म्हणाली,

“आगं राजे, ही तर आपल्या जिनिंगाच्या फरशीवानीच हाय की! नुसती हिरवी.”

ती सहज बोलून गेली. पण सरांच्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. अठ्ठावीस वर्षांत जे आपल्याला सुचलं नाही, ते या झाडू मारणाऱ्या बाईला एका नजरेत दिसलं. मातीचा नियम आपण खेळाचा नियम समजून बसलो. आणि या पोरीला जिथे खरा खेळ येत होता, तिथूनच तिला हुसकावून लावलं.

राजेश्री आत जायला निघाली तेव्हा त्यांनी तिला हाक मारली.

“आज मोजायचं नाही.”

तिला समजलं नाही. “म्हंजे किती टच, सर?”

“तुला वाटतील तेवढे.”

“म्हंजे किती?”

“जिनिंगात किती व्हायचे?”

“तिथं म्या मोजत नव्हते.”

“तसंच खेळ.”

ती मान हलवून गेली, पण तोंडावर हसू नव्हतं, शाळेत नवीन गणित घातल्यावर पोरं बघतात तसं बघणं होतं. तुम्ही दावणीला बांधलेल्या वासराचं दावं सोडलं, तरी ते काही वेळ तेवढ्याच अंतरात चरत राहतं. पहिली दहा मिनिटं तिचं तसंच झालं. चेंडू यायचा, एक, दोन, तीन, जायचा. पलीकडून सुनेत्रा मॅडम ओरडत होत्या, “सात नंबर, घेऊन जा! घेऊन जा की!”

मग एकदा मैदानाच्या मधोमध चेंडू तिच्याकडे आला आणि आजूबाजूला तिच्या बाजूची कुणीच नव्हती. ती निघाली. पहिलीला तिने डावीकडून टाकलं, दुसरी नुसती बघत राहिली. टक टक टक टक, तोच आवाज, पितळी भांड्याचा. खेळणाऱ्या पोरी हळू झाल्या. कडूबाईने जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. सर मोजत नव्हते. आपण मोजत नाही असं त्यांना खरोखर वाटत होतं, पण ओठ हलत होते. सात. आठ. नऊ. तिसरी मागे पडली. डोळ्यांपुढे पाणी आलं म्हणून सरांनी डोळे पुसले, आणि पुसून बघतात तर गोलापुढच्या अर्धवर्तुळातून एक उंच, दांडगी पोरगी स्टिक उगारून राजेश्रीच्या अंगावर धावून येत होती. सरांना मैदान दिसेनासं झालं. काळी माती दिसली. मातीतले दोन दात दिसले.

“सोड!”

अठ्ठावीस वर्षांचा आवाज तो. सगळ्या मैदानाने ऐकला.

राजेश्रीने सोडला. त्या क्षणी सोडला. उजव्या पट्ट्यात, जिथे प्रियांका असते तिथे. तिथे कुणी नव्हतं. चेंडू रिकाम्या टर्फवरून सरळ गेला. अडवायला ढेकूळ नव्हतं, भेग नव्हती. पार कडेच्या फळीला जाऊन खट्‌ वाजला.

ती उंच पोरगी धावता धावता थांबली आणि हसली. राजेश्रीने वळून गोलाकडे पाहिलं नाही, मॅडमकडे पाहिलं नाही. तिने जाळीकडे पाहिलं, सरांकडे, नेहमी बघायची तसंच. बरोबर झालं ना, म्हणून.

त्यानंतर तिचा चौथा टच झाला नाही.

दुपारी यादी वाचून दाखवली. राजेश्रीचं नाव नव्हतं. सर्व पांगल्यावर मॅडम सरांजवळ आल्या. त्या रागावल्या असत्या तर सरांना सोपं गेलं असतं.

“नऊ टच, सर. मी मोजले,” त्या म्हणाल्या. “मी बोलले पुढे तिच्यासाठी. पण निवडीला बसलेल्या बाकीच्यांचं म्हणणं पडलं की ती पोरगी शेवटपर्यंत जाळीकडे बघत खेळत होती. ते मला खोडून काढता आलं नाही.”

परतीच्या गाडीत खिडकीपाशी राजेश्री, समोर कडूबाई, बाजूला सर. भाकरी तशीच बांधलेली. परतूर स्टेशन गेल्यावर कडूबाईने विचारलं,

“सर, काय चुकलं वो माह्या पोरीचं?”

सरांनी तोंड उघडलं. पण त्याआधीच राजेश्री बोलली.

“उशिरा सोडला मी, आई. तीनाच्या वर गेले.” मग सरांकडे न बघता म्हणाली, “पुन्यांदा न्हाई होनार, सर.”

“बगा,” कडूबाई म्हणाली आणि कपाळाला हात लावला. “सर इतकं घसा फोडून सांगतेत, आन हिचं आपलं तेच. आता भोग.”

सातोना आलं, गेलं. सांगायचं वाक्य एवढंसं होतं. चूक तिची नाही, माझी. तीन टचांतच सुटलं असतं. सेलूचं स्टेशन आलं तरी सरांच्या तोंडून ते सुटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून राजेश्री मैदानावर आली नाही. फेब्रुवारीत तिचं वर्गात येणंही बंद झालं. सर तिच्या घरावरून जायचं टाळू लागले. स्टेशनकडे जायचं तर मोंढ्याच्या बाजारातून वळसा घालायचे.

एप्रिलच्या शेवटी शाळेने निरोपाचा कार्यक्रम केला. टेबलावर तेरा ढाली मांडल्या होत्या, देवघरावरच्यासुद्धा आणायला लावल्या होत्या. मुख्याध्यापक दत्तोपंत बोलायला उभे राहिले. “शिस्त कशाला म्हणतात ते या माणसाकडून शिकावं. अठ्ठावीस वर्षांत एका पोरीची यांच्यापुढे रेघ ओलांडायची हिंमत झाली नाही!” टाळ्या पडल्या. सर ढालींकडे बघत बसले होते. तेरा ढालींवर मिळून एकाही पोरीचं नाव नव्हतं, शाळेचं होतं.

हार काढून हातात घेऊन ते बाहेर आले. सटवाजी पायरीवर बसला होता.

“सर, आता रेघा कशा मारू?”

“नवीन सर येतील ते सांगतील.”

“कशा मारू न्हाई,” सटवाजी म्हणाला. “मारू का नगं, आसं इचारायलोय.”

हार सरांनी सटवाजीच्या हातात दिला आणि निघाले.

मे महिन्याच्या अखेरीला, नोकरीचा शेवटचा दिवस उरलेला असताना, सर दुकानातून नवा पांढरा चेंडू घेऊन जिनिंगकडे गेले. हंगाम संपत आला होता. शेवटचा कापूस उचलला गेला होता आणि आठ-दहा बायका फरशी झाडत होत्या. कापसाची धूळ उन्हात तरंगत होती. सगळ्या बायकांनी तोंडाला फडकी बांधलेली. सरांना कोण कोणती ते ओळखू येईना. मग एका पाठीवरून ओळखू आलं. ती वाकायची तेव्हाही तिचे पाय पळायला उभे असल्यासारखे असायचे.

“या सर,” कडूबाईने फडकं खाली ओढून म्हटलं. “बसा. पानी देऊ का?”

“नको. राजेश्रीशी बोलायचं होतं.”

राजेश्री खराटा घेऊनच आली. हाताला घट्टे पडले होते. स्टिकचे घट्टे निराळ्या जागी असतात, हे सरांच्या नजरेला तेवढ्यातही दिसलं.

“त्या दिवशी,” सर म्हणाले, “चूक तुझी नव्हती. मी ओरडलो. ओरडायला नको होतं मी.”

“म्हाईत हाय, सर.”

“कधीपासून?”

“तवापून.”

“मग गाडीत तू…”

“आईनं इचारलं आन तुमी गप बसले,” ती म्हणाली. “कुनीतरी बोलायलाच पायजे व्हतं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर सरांना तिथे उभं राहायला काहीतरी आधार मिळाला असता. त्यांनी खिशातून चेंडू काढला, फरशीवर ठेवला आणि बुटाने हळूच तिच्याकडे ढकलला. समोर सगळी फरशी मोकळी होती, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत.

“जा. घेऊन जा,” ते म्हणाले. “मी मोजत नाही.”

झाडणाऱ्या बायका थांबल्या. कडूबाईही बघत राहिली. राजेश्रीने खराटा उलटा धरला आणि त्याच्या दांड्याने चेंडू अडवला. तो अडवतानाचा मऊपणा तसाच होता, चेंडू जरासुद्धा उसळला नाही. एक. तिने तो उजवीकडून डावीकडे घेतला. दोन. क्षणभर तिने मान वर करून भिंतीपर्यंतची ती रिकामी फरशी पाहिली.

तिसऱ्या टचला चेंडू सरळ सरांच्या बुटाला येऊन टेकला.

राजेश्रीने तोंडावर फडकं ओढलं, खराटा सुलटा केला आणि झाडायला लागली. झाडत झाडत, सरकी आणि धुळीची एक सरळ रेघ पुढे ढकलत ती सरांच्या पायांपाशी आली आणि थांबली.

“सर, वाईच सरकता का?” ती म्हणाली.

आणि ते सरकेपर्यंत, खराटा हातात धरून, खाली मान घालून उभी राहिली.